खोक्यात राहिलेली इंजिने
वाचकांचे प्रश्न, संग्राहकाची उत्तरे

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, संग्रहातली कोणती वस्तू आपण कधीच वापरली नाही आणि का वापरली नाही. आलेल्या पत्रांत छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्राहक सर्वाधिक निघाले. अनेकांनी जवळजवळ कबुली दिल्याच्या सुरात लिहिले आहे की, कपाटातली निम्म्याहून अधिक इंजिने त्यांनी रुळावर ठेवलेलीच नाहीत. त्यांतली चार पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे लिहीत आहे.

प्रश्न : मी कल्याणच्या विद्युत इंजिन शेडमधून निवृत्त झालो. नोकरीत असताना बोर घाटात ‘खेकडा’ या टोपणनावाचे, मालगाडी ओढणारे विजेचे इंजिन पाहिले होते. पुढे एका मासिकात स्वित्झर्लंडच्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनाचे छायाचित्र दिसले, तेव्हा हे आपल्या खेकड्याचेच भावंड आहे हे पाहताक्षणी ओळखले आणि तिथून हा नाद लागला. भाचा जर्मनीत असतो. तो येताना दर खेपेला मार्क्लिन या तिथल्या खेळण्यांच्या कंपनीचे एखादे छोटे इंजिन आणतो. आज माझ्याकडे १४ इंजिने आहेत आणि त्यांतली ११ कधीच चालवलेली नाहीत. क्रोकोडाइल तर १९ वर्षे खोक्यातच आहे. घर दोन खोल्यांचे असल्यामुळे कायमची मांडणी शक्य नाही. सौ. म्हणते, ‘न चालणारी गाडी कसली गाडी?’ ते मनाला लागते. मी चूक करत आहे का? आता चालवायला घेतले तर ते बिघडेल का आणि त्याची किंमत उतरेल का?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कल्याण

उत्तर : न चालवलेले इंजिन बाळगण्यात आपले काही चुकलेले नाही, हे आधीच सांगतो. आपण क्रोकोडाइल घेतले ते त्याच्या रूपासाठी आणि त्याच्याशी जोडलेल्या आठवणीसाठी, आणि ती ओढ अगदी साधार आहे. जी.आय.पी. (आजच्या मध्य) रेल्वेसाठी १९२८ च्या सुमारास आलेल्या त्या मालगाडीच्या इंजिनांपैकी पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात तयार झाली आणि बाकीची इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत. त्याच विंटरथूरच्या कारखान्याचा आल्प्स पर्वतातल्या गोटहार्ड रेल्वेमार्गावरच्या क्रोकोडाइलच्या बांधणीतही हात होता. बोर घाटाचा चढ ३७ ला १ (३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर) आहे आणि गोटहार्डचा सर्वांत कडक चढही जवळपास तेवढाच आहे. वळणांनी भरलेल्या घाटात जड मालगाडी ओढायची होती, म्हणून मधे उंच पेटी, पुढेमागे लांब नाके आणि चाकांना जोडणारे आडवे दांडे अशी रचना दोन्हीकडे आली. असे वीतभर लांबीचे इंजिन नुसते समोर ठेवून पाहणे हाही संग्राहकाचा पुरेसा आनंद आहे.

माझी हरकत वेगळ्या गोष्टीला आहे. खोक्यात ठेवलेले इंजिन जपलेले आहे, असे आपण सगळेच गृहीत धरतो आणि ते खरे नसते. आपण शेडमध्ये आयुष्य काढले आहे, त्यामुळे महिनोन्महिने उभे राहिलेले इंजिन थेट गाडीला जोडत नाहीत, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. छोट्या इंजिनालाही तोच नियम लागू आहे. कारखान्यात भरलेले ग्रीस वर्षानुवर्षे एका जागी राहिले की त्यातले तेल निघून जाते आणि मागे मेणासारखा घट्ट थर उरतो. चाकांवर पकडीसाठी बसवलेली रबरी कडी कडक होऊन तडकतात. हे सगळे इंजिन एकदाही न फिरता, खोक्याच्या आत होत असते.

माझ्याकडे मार्क्लिनचेच एक लहान टँक इंजिन १६ वर्षे न उघडता राहिले होते. बाहेर काढले तेव्हा रंग कालच दिल्यासारखा होता आणि मी निर्धास्तपणे ते रुळावर ठेवून वीज दिली. इंजिन जागचे हलले नाही, बारीक घुरघुर तेवढी ऐकू आली आणि दोनेक सेकंदांत गरम तेलाचा वास आला. वीज लगेच तोडली म्हणून मोटर वाचली. वरचे कवच काढले तर दातेरी चाकांच्या दातांमध्ये ग्रीस तपकिरी होऊन गोंदासारखे बसले होते. टोकदार काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते काढायला दोन संध्याकाळी गेल्या. त्यानंतर आसांच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढे तेल दिले आणि सर्वांत कमी वेगावर वीज दिली, तेव्हा पहिले चाक एक दात पुढे सरकून थांबले, पुन्हा सरकले, आणि मग मात्र फिरू लागले.

म्हणून आपल्या क्रोकोडाइलला थेट वीज देऊ नका. मऊ कापडावर आडवे ठेवून तळ तपासा, रबरी कडी तडकली असल्यास बदला, जुने ग्रीस काढून नवे द्या आणि मगच रुळावर घ्या. तेल प्लॅस्टिकला न बाधणारे, छोट्या यंत्रांसाठीचे असावे. आपल्याकडे घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल देणारे लोक मी पाहिले आहेत, परंतु ते थंडीत थिजते आणि कालांतराने चिकट होते, तेव्हा ते कटाक्षाने टाळा. भाच्याने कोणाकडून तरी जुना निळ्या रंगाचा, २२० व्होल्टचा मार्क्लिन ट्रान्सफॉर्मर आणून दिला असेल तर तोही या इंजिनाला लावू नका. आजचा घरातला दाब २३० व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतो, त्यामुळे दिशा बदलताना तो ट्रान्सफॉर्मर देत असलेला झटका आणखी वाढतो आणि नव्या इंजिनांतला डिकोडर, म्हणजे त्यांना हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी, त्यात जळू शकतो.

जागेची अडचण मला तेवढी मोठी वाटत नाही. मार्क्लिनच्या सी प्रकारच्या रुळांचे सर्वांत लहान वर्तुळ ३६० मिलिमीटर त्रिज्येचे असते आणि ते १२ तुकड्यांत पूर्ण होते. म्हणजे ८० सेंटीमीटर रुंदीचे जेवणाचे टेबल त्याला पुरते. मार्क्लिनने आपली मोठी इंजिनेही या वळणावर चालावीत असाच कटाक्ष ठेवला आहे आणि क्रोकोडाइलची नाके तर वळणात आत वळण्यासाठीच असतात. रविवारी जेवणे आटोपल्यावर वर्तुळ मांडावे, एकेका इंजिनाला दोन्ही दिशांनी दहा-दहा मिनिटे फिरवावे आणि रूळ परत पिशवीत भरावेत. वर्षातून एकदा प्रत्येक इंजिनाची पाळी आली तरी पुष्कळ झाले. शेडमध्ये असायची तशी वही ठेवा आणि तारीख, किती मिनिटे चालवले, तेल कुठे दिले, आवाजात फरक जाणवला का, हे त्यात लिहा.

किमतीचेही स्पष्टच सांगतो. चालवल्याची खूण राहते, कारण जाणकार ग्राहक इंजिन उलटे करून चाकांच्या कडांवरची झळाळी पाहतो आणि मार्क्लिनच्या इंजिनाखाली, रुळांच्या मधोमध असलेल्या वीज देणाऱ्या खुंट्यांवरून घासत जाणाऱ्या पट्टीवर ओरखडा आहे का, तेही पाहतो. दहा मिनिटांतही तिथे बारीक रेघ उमटते. त्यामुळे ‘कधीच न चालवलेले’ हा शिक्का जाईल आणि थोडी किंमत कमी होईल. परंतु आपल्याकडच्यासारख्या, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठ्या संख्येने निघालेल्या इंजिनांच्या बाबतीत हा फरक मला किरकोळ वाटतो. अडकून बसलेले इंजिन आणि सुरळीत फिरणारे इंजिन यांच्या किमतीतला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. मार्क्लिनने १९४७ साली एचओ मापातले (खऱ्याच्या १/८७ आकाराचे) पहिले क्रोकोडाइल आणले. त्या काळातली धातूची इंजिने आजही धावताना दिसतात, ती मालकांनी वेळच्या वेळी तेल दिले म्हणून. आपल्या १४ पैकी एखादे खरोखर दुर्मीळ असेल तर ते तसेच ठेवा, उरलेल्यांना मात्र फिरू द्या. आणि क्रोकोडाइलची पाळी येईल त्या दिवशी वहिनींच्या हाती कंट्रोलर द्या.

प्रश्न : वडील १९५६ ते १९५८ या काळात शिक्षणासाठी इंग्लंडला होते. येताना त्यांनी हॉर्नबी-डब्लो या इंग्लिश बनावटीच्या छोट्या गाड्यांची दोन खोकी आणली. एकात ‘सर नायजेल ग्रेस्ली’ नावाचे निळे इंजिन आहे, ते त्यांनी तिथे जुन्या वस्तूंच्या बाजारात घेतले होते. दुसऱ्यात हिरवे ‘डचेस ऑफ माँट्रोज’ आहे, ते नवे घेतलेले. आम्ही लहान असताना वर्षातून एकदा ती पुसायला निघत, पण ‘मोठी मांडणी करू तेव्हा चालवू’ असे म्हणत त्यांनी ती शेवटपर्यंत चालवली नाहीत. त्यांच्या वर्षश्राद्धाला सगळी भावंडे जमणार आहोत आणि नातवंडांना गाडी धावताना पाहायची आहे. निळ्या इंजिनाच्या अंगावर केसासारख्या भेगा दिसतात आणि एका बाजूला ते फुगल्यासारखे झाले आहे. पडले तर कधीच नव्हते. काय करावे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : ताई, निळे इंजिन चालवू नका. ते पडल्यामुळे तडकलेले नाही. हा धातूलाच आतून लागलेला रोग आहे. हॉर्नबीने डब्लो मालिका १९३८ मध्ये बाजारात आणली आणि सर नायजेल ग्रेस्ली हे तिच्या पहिल्या इंजिनांपैकी एक होते. त्याच वर्षी ३ जुलैला याच वर्गाच्या ‘मॅलार्ड’ या खऱ्या इंजिनाने ताशी १२६ मैल म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठून वाफेच्या इंजिनांचा विक्रम केला होता. युद्धापूर्वीच्या खेळण्यांची अंगे जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असत. त्या धातूत शिशाचा अगदी अल्प अंश राहिला तरी पुढे धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज शिरतो, धातू फुगतो, भेगा पडतात आणि अखेर त्याचे तुकडे होतात. शुद्ध जस्त वापरू लागल्यावर हे प्रमाण पुष्कळ घटले, पण जुन्या ओतकामात जे मिसळले गेले ते आता काढता येत नाही. वडिलांनी ते चालवले असते तरी हेच झाले असते, तेव्हा ‘त्यांनी चालवले असते तर’ अशी हळहळ करण्यासारखे त्यात काही नाही.

या रोगावर उपाय नाही, पण त्याची चाल मंद करता येते. दमट हवा आणि उष्णता यांनी तो बळावतो, म्हणून इंजिन कोरड्या, थंड जागी, मऊ आणि आम्लरहित कागदावर ठेवा, त्यावर वजन येऊ देऊ नका आणि भेगांत कोणताही गोंद भरू नका. आताच चारही बाजूंनी त्याची छायाचित्रे काढून ठेवा. उचलताना अंगाला न धरता खालच्या चौकटीला दोन्ही हातांनी आधार द्या. ज्या वस्तूच्या नशिबी धावणे उरलेले नाही, ती डोळ्यांसमोर असावी असे मला मनापासून वाटते, म्हणून ते पुन्हा खोक्यात न घालता काचेच्या कपाटात ठेवा.

हिरवे डचेस मात्र बहुधा चालेल. हे इंजिन १९५३ पासून निघू लागले, म्हणजे ते युद्धानंतरच्या ओतकामाचे आहे. भेगा नाहीत याची भिंगाखाली खात्री करून घ्या. सेटसोबतचा जुना ट्रान्सफॉर्मर घरच्या विजेला अजिबात जोडू नका, कारण सत्तर वर्षांत त्यातल्या तारांवरचे आवरण कुजलेले असू शकते आणि घरात मुले असणार आहेत. त्याऐवजी छोट्या गाड्यांसाठी मिळणारा, १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह देणारा नवा कंट्रोलर घ्या. हे तीन रुळांचे काम आहे, तेव्हा एक तार मधल्या रुळाला आणि दुसरी बाहेरच्या रुळाला जोडायची. कोणी परिचित मार्क्लिनचा ट्रान्सफॉर्मर देऊ करील, तो नम्रपणे परत करा. त्याचा प्रवाह उलटसुलट दिशेचा असतो आणि डब्लोची मोटर त्यावर फिरणार नाही, उलट जळेल. मोटर खोलून साफ करण्याचा मोहही टाळा, कारण या जुन्या मोटारींतले लोहचुंबक आपल्या जागेवरून काढले की त्याची शक्ती उतरते. आसांना थेंबभर तेल द्या, पत्र्याचे रूळ स्वच्छ पुसा आणि वर्षश्राद्धाच्या आठवडाभर आधी एकट्याने चाचणी घ्या, म्हणजे त्या दिवशी सगळ्यांसमोर तारांशी झटापट करावी लागणार नाही. पहिल्या वेळी डबे न जोडता इंजिन एकटेच फिरवा आणि पाच मिनिटांनी मोटारीवर बोट ठेवून पाहा. कोमट लागली तर ठीक, बोट ठेववत नसेल तर तिथेच थांबवा आणि जाणकाराला दाखवा.

प्रश्न : मी म्युनिकला नोकरी करतो. एन मापाची (९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची), मर्यादित संख्येत निघालेली इंजिने घेऊन सीलबंद ठेवली आहेत. काही वर्षांनी पुण्याला परतताना विकली तर चांगली किंमत येईल, असा हिशेब आहे. तो बरोबर आहे का?
— एक वाचक

उत्तर : त्या हिशेबावर विसंबू नका, असेच मी सांगेन. खोक्यावर ‘मर्यादित संख्या’ छापलेले असले तरी तेच इंजिन काही वर्षांनी अधिक चांगली मोटर आणि अधिक बारीक काम घेऊन पुन्हा निघते आणि आधीच्या आवृत्तीचा भाव खाली येतो. त्यात एक पिढी आता वयस्कर झाली आहे आणि तिचे संग्रह एकामागून एक विक्रीला येत आहेत. घेणाऱ्यांपेक्षा देणारे वाढले की सीलचे अप्रूप कमी होते.

सीलबंद ठेवण्यात दुसरा धोका आहे आणि तो मी स्वतः भोगला आहे. एका कंपनीचे ९ मिलिमीटर रुळावरचे इंजिन मी हौसेने घेतले आणि तसेच ठेवून दिले. चार वर्षांनी रुळावर ठेवले तर ते लंगडल्यासारखे उड्या घेत चालू लागले. धातूच्या आसावर दाबून बसवलेले प्लॅस्टिकचे दातेरी चाक आपोआप चिरले होते. सतत ताणाखाली असलेले प्लॅस्टिक न फिरताही चिरते, हे मला तेव्हा कळले. हमीची मुदत दोन वर्षांची होती आणि ती केव्हाच संपली होती. म्हणून नवे इंजिन घेतले की हमीच्या मुदतीत ते एकदा तरी दोन्ही दिशांनी अर्धा-अर्धा तास मध्यम वेगावर फिरवा. घरी रूळ नसतील तर चाके जागच्या जागी फिरतील असा रोलरचा छोटा स्टँड मिळतो, तो पुरेसा आहे. पुण्याला आलात की कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या, १९९८ साली सुरू झालेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात अवश्य जा. तिथे गाड्या प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष धावतात, आणि त्या पाहिल्यावर आपल्याकडच्या कोणत्या इंजिनाचे सील आधी तोडायचे हे ठरवणे आपल्याला सोपे जाईल.

प्रश्न : आमच्याकडे रत्नागिरीला पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते. न चालवलेल्या गाड्या मी मूळ खोक्यांत, स्पंजाच्या खाचांत बसवून, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, डांबरगोळ्या घालून लोखंडी कपाटात ठेवतो. आणखी काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सर्वांत आधी डांबरगोळ्या बाहेर काढा, शक्य असल्यास आजच. गाड्यांची बरीचशी अंगे पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकची असतात आणि डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थॅलीनची वाफ बंद जागेत ते मऊ करते. खिडक्यांच्या कडा वितळल्यासारख्या झालेले आणि रंगावर ठसे उमटलेले डबे मी पाहिले आहेत. कसर लागण्याची भीती पुठ्ठ्याच्या खोक्यांना असते, म्हणून खोकी वेगळी ठेवून त्यांची काळजी वेगळी घ्या.

स्पंजही काढा. जुना स्पंज दमट हवेत कुजून चिकट होतो आणि रंगाला असा धरतो की ओढताना रंगच निघतो. त्याच्या जागी पातळ, पांढरा, आम्लरहित कागद सैल गुंडाळा. पिशवी घट्ट बांधली की आतला दमटपणा आतच राहतो, म्हणून झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालणे अधिक चांगले. जेलच्या दाण्यांचा रंग पालटला की ती तव्यावर मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येते. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी ती पाहावी लागेल. डबे उघडलेलेच असतात, तेव्हा त्याच दिवशी दोन-तीन इंजिने रुळावर घ्यावीत. पावसाळ्यात चाकांवर आणि रुळांवर मळाचा पातळ थर लवकर धरतो, म्हणून चालवण्याआधी दोन्ही अल्कोहोलने भिजवलेल्या सुती कापडाने पुसा आणि काम झाल्यावर इंजिन गरम असताना खोक्यात घालू नका. अर्धा तास उघड्यावर निवू द्या, मग कागदात गुंडाळा.